नांगराची खबर

दिवाळीच्या पणत्या विझल्या की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीज झाली की आज या गावी, उद्या त्या गावी, अशा मंडया भरत जातात. दिवसा बाजार नि पाहुणे, रात्री दंडार किंवा नाटक. हलके धान कापून झालेले असते, भारी धान बांधीत पिवळे पडत असते. हातात चार पैसे आलेले किंवा यायचे असतात, आणि ते कुणाला द्यायचे याचा विचार करीत माणसे गर्दीतून हिंडत असतात.

मी लहान असताना सिहोऱ्याच्या मंडईत एक कासार यायचा. त्याच्याभोवती नेहमी बायांचा गराडा. शेजारी दुसरा बांगडीवाला घसा फोडून ओरडे, पण त्याच्याकडे आम्ही पोरेच जमायचो, तीही त्याच्या नकला करायला. एकदा आईने कासाराकडची एक नक्षीदार बांगडी उचलली. तो म्हणाला, "बाई, ही सणापुरती. तुम्ही रोवणीला जाता, धुणे करता. ही आठ दिवस टिकायची नाही. रोजच्याला ही साधी घ्या." साधी बांगडी निम्म्या किमतीची होती. आईने ती घेतली. पुढे ती दुसऱ्या कुणाकडून बांगड्या भरताना मला दिसली नाही. कासाराने त्या दिवशी निम्मे पैसे गमावले आणि एक घर कायमचे कमावले, हा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी कळला. तो कसा कळला, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी पेशाने मास्तर, आणि चार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावचा लेखनिकही. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा अर्ज, कुणाचा मानपत्राचा मजकूर, सारे माझ्याकडे येते. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी असाच आला. त्याने तुमसरच्या रस्त्याला कृषी केंद्र थाटले होते. बियाणे, खते, औषधे. आईचे दागिने गहाण पडले होते आणि दुकानात माशी हलत नव्हती. "गुरुजी, एक झकास पत्रक लिहून द्या," तो म्हणाला. मी लेखणी परजली. 'शेतकरी बंधूंनो, सुवर्णसंधी!' येथून सुरुवात केली आणि उद्गारचिन्हांची नुसती पेरणी केली. हजार पत्रके छापून मंडईत वाटली. संध्याकाळी पाहतो तो चिवड्याच्या गाड्यावर आमच्या सुवर्णसंधीच्या पुड्या बांधल्या जात होत्या. गिऱ्हाईक एकही आले नाही.

लोकांचे चुकले होते असे म्हणवत नाही. आदल्याच वर्षी आमच्या एका नातलगाने असेच एक रंगीत पत्रक वाचून, दुसऱ्या एका गावच्या दुकानातून औषध आणले होते. तीन फवारे मारले, पैसे गेले आणि धानही गेले. पत्रकात लिहिलेले खोटे असते, हे लोकांनी स्वतःची किंमत मोजून शिकलेले होते. माझ्या भाषेचा दोष एवढाच की ती त्या खोट्यासारखीच दिसत होती.

ही रुखरुख मनात असतानाच घरच्या माळ्यावरची लाकडी पेटी आठवली. तिच्यात आजोबांनी जपलेले 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक होते. लहानपणी मला त्यांचे मोठे नवल वाटे. आमच्याकडे किर्लोस्कर म्हणजे पाण्याचा पंप! पंपाच्या नावाचे मासिक कसे असेल? पंपावर कुणी गोष्टी लिहिते काय? आजोबांना विचारले तर ते हसून म्हणाले, "आधी नांगर, मग मासिक." त्या चार शब्दांत केवढा इतिहास होता, ते पुढे हळूहळू वाचत गेलो तेव्हा उमगले. तो इतिहास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा आहे, पण आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले; पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नसत, म्हणून रंग सोडून यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. तेथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांचा सायकलींचा व्यवसाय होता. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. घ्यावी तर चालवता येत नाही आणि पडलो तर हसे होते. किर्लोस्कर बंधू सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवीत. ज्याला जी वस्तू वापरता येत नाही, त्याला ती विकता येत नाही, हा धडा त्यांनी येथेच गिरवला असावा.

पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडवला. नांगर उत्तम होता. पण तो घेणार कोण? लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

आज ही समजूत ऐकून आपण हसतो. पण वाचकहो, मी शेतकऱ्यांच्या गावात राहतो, मला हसू येत नाही. विषाची भीती ही वरची बोलायची गोष्ट. तिच्याखाली खरी भीती असते ती वेगळी. लाकडी नांगर बाभळीचा, बांधावरचा. तो मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा एखादा भाग ऐन पेरणीत तुटला तर जायचे कुणाकडे? त्याला बैल किती लागतील? आणि वर्ष फसले तर सावकाराला काय सांगायचे? शहरातला माणूस नवी वस्तू घेऊन फसला तर पैसे जातात. शेतकरी फसला तर वर्ष जाते. अशा माणसाला 'आमचा नांगर सर्वोत्तम' असे दहा वेळा ओरडून सांगितले, तरी त्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जागा नि १० हजार रुपये कर्जाऊ त्यांनी दिले. जागा कसली, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती! तेथे १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे तेथे होऊ लागली आणि काळ्या, खोल, हरळीने गच्च झालेल्या रानात लोखंडी नांगराने आपली किंमत सिद्ध केली.

आता येतो तो आजोबांच्या पेटीतला भाग. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले तरुण वाडीला आले आणि जाहिरातीचे काम पाहू लागले. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक काढले. नावाप्रमाणेच ती कारखान्याची खबर होती. येथे काय तयार होते, ते कसे वापरावे, हे गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी काढलेले ते छोटेखानी पत्र होते.

यातले मर्म असे की नांगर ही रोज घ्यायची वस्तू नव्हे. एकदा घेतला की शेतकरी कित्येक वर्षे दुकानाकडे फिरकत नाही. मग मधल्या वर्षांत त्याचा नि कारखान्याचा संबंध काय? जाहिरातदार म्हणेल, त्याला पुनःपुन्हा नांगराची आठवण द्या. पण नांगर घरात असलेल्या माणसाला नांगराची जाहिरात कशाला हवी? त्याला हवे असते ते पुढचे. शरीर कसे राखावे, छोटा धंदा कसा उभा करावा, हिशेब कसा ठेवावा, मुलींना शिकवावे की नाही, जगात काय चालले आहे. शंकररावांनी हळूहळू हे सारे आपल्या पत्रात आणले. उद्योग आणि स्वावलंबन आले, आरोग्य आले, पाठोपाठ कथा-कादंबऱ्या आल्या. पुढे 'खबर' हा शब्द गळला आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे जन्माला आली. निवडुंगाच्या रानात निघणारी ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत जाऊन बसली. आमच्या सिहोऱ्यासारख्या आडगावच्या मास्तराने ती पेटीत जपून ठेवली, यावरून त्यांची पोच ध्यानात यावी.

हे तेव्हा केवळ आपल्याकडेच चालले होते असे नाही. अमेरिकेत जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ साली पोलादी नांगर केला होता. त्याच्या नावाच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. जगाच्या दोन टोकांना दोन नांगरवाले, आणि दोघांनाही वाटले की नांगर विकण्यापूर्वी शेतकऱ्याशी बोलले पाहिजे! फ्रान्सात मिशेलिन बंधू मोटारीचे टायर करीत. १९०० साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटे पुस्तक फुकट वाटले. त्यात नकाशे, टायर बदलण्याची रीत, दुरुस्तीची नि मुक्कामाची ठिकाणे अशी माहिती होती. माणसे जितकी हिंडतील तितके टायर झिजतील, हा त्यामागचा हिशेब. हिशेब होताच, तो लपवायचे कारण नाही. पण वाटेत अडकलेल्या माणसाला ते पुस्तक खरोखर उपयोगी पडे. पुढे एकदा एका गॅरेजात आपली पुस्तके टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेली दिसली, आणि १९२० पासून मिशेलिनने पुस्तकाला किंमत ठेवली, अशी गोष्ट ते लोक स्वतःच सांगतात. आमच्या सुवर्णसंधीच्या पुड्या झाल्या, त्याचे दुःख ही गोष्ट वाचून जरा हलके झाले.

परंतु टायरच्या पुस्तकात आणि 'किर्लोस्कर'मध्ये एक मोठा फरक आहे. वाटेतले हॉटेल सांगितल्याने कुणी रागावत नाही. शंकररावांनी मात्र आपल्या वाचकांना न रुचणाऱ्या गोष्टीही सांगितल्या. विधवांचे प्रश्न, जातीभेद, बुवाबाजी, भोळसट रूढी यांवर त्या पानांतून कोरडे ओढले जात. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना वि. दा. सावरकर विज्ञाननिष्ठ निबंध लिहीत, ते 'किर्लोस्कर'मध्ये छापून येत. ते वाचून सनातनी मंडळी खवळत. ज्याला नांगर विकायचे आहेत त्याने गिऱ्हाइकाच्या समजुती कुरवाळाव्यात, हा बाजाराचा जुना नियम. येथे तर उलटेच चालले होते!

मला वाटते, विश्वासाची खरी वीण येथेच आहे. जो माणूस माझ्या तोंडावर मला न आवडणारे सांगतो, तो गोड बोलून मला फसवणार नाही, असे मन आपोआप म्हणते. लोखंडाने जमीन विषारी होत नाही, हे एका शेतकऱ्याला पटवायचे तर लोखंडाचे गुणगान पुरत नाही. समजूत तपासून पाहण्याची सवयच त्याच्या अंगी यावी लागते. वाडीच्या मासिकांनी ती सवय लावायचा प्रयत्न केला. ज्या घरात ती लागली, त्या घरात नांगर गेला, पंप गेला आणि मुलगी शाळेतही गेली. 'स्त्री'च्या संपादनात घडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' काढले. नांगराच्या माहितीपत्रातून निघालेले हे तास कुठवर गेले पाहा! लक्ष्मणराव १९५६ साली गेले. त्यांचे चरित्र शंकररावांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिले आणि स्वतःची कहाणी 'शंवाकिय'मध्ये सांगितली. धंद्यात पडू पाहणाऱ्या तरुणाने हे वाचावे.

तथापि एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. नांगर वाईट असता तर एकही मासिक त्याला तारू शकले नसते. चांगला सल्ला हा वाईट मालाचा बुरखा झाला की तो साध्या थापेहून अधिक घातक होतो, कारण त्याने माणसाचा सल्ल्यावरचाच विश्वास उडतो. आमच्या नातलगाचे तेच झाले होते. त्या रंगीत पत्रकातही 'उपयुक्त माहिती' होतीच. पण तिची प्रत्येक ओळ त्याच एका बाटलीपाशी येऊन थांबत होती.

असो. मी विद्यार्थ्याला बोलावले आणि हे सारे त्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, मासिक काढायला पैसे कुठून आणू?" मी म्हटले, "मासिक नको. शाळेतला एक जुना फळा देतो." प्रश्न पडला तो फळ्यावर काय लिहायचे याचा. मी त्याला विचारले, "तुझ्या दुकानात नसलेली, तरीही शेतकऱ्याच्या कामाची अशी एक गोष्ट सांग."

ते दिवस तुडतुड्याचे होते. धान पोटरीत आले की हा बारीक किडा चुडाच्या बुडाशी जमतो आणि रस शोषतो. हां हां म्हणता बांधीत जळाल्यासारखे गोल चट्टे पडतात. घाबरलेला शेतकरी दिसेल ते औषध आणतो आणि वरून फवारतो. किडा बुडाशी, औषध शेंड्याला! त्यातून भलतेच औषध पडले की तुडतुड्याला खाणारे कोळी नि इतर मित्रकिडे मरतात आणि रोग दुणावतो. पोराने हे शिकलेले होते; पण सांगायचा धीर नव्हता. कारण सांगितले तर विकायचे काय?

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून फळा लिहिला. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हते. 'तुडतुडा दिसला तर आधी बांधीतले पाणी तीनचार दिवस काढून टाका. युरिया थांबवा. चूड वाकवून बुडाशी किडे मोजा. थोडे असतील तर औषध घेऊ नका. फार असतील तर या. कोणते औषध, किती, नि बुडाशी कसे मारायचे, ते सांगू.' लिहून झाल्यावर पोर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. "गुरुजी, 'औषध घेऊ नका' हे पुसू का?" त्याने विचारले. आईचे दागिने त्याच्या डोळ्यांपुढे असणार. मलाही क्षणभर वाटले, पुसावे. मास्तराचा पगार महिन्याला येतो. उपदेश करायला त्याचे काय जाते? पण मग तो कासार आठवला. मी म्हटले, "तेच ठेव. बाकीचे पुसलेस तरी चालेल."

आठ-दहा दिवस माणसे यायची, फळा वाचायची आणि तशीच जायची. विक्री शून्य. मी शाळेत जाताना दुकानाकडे न पाहता पुढे जात असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. मग एके दिवशी एक म्हातारे शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले. ते पोराला म्हणत होते, "तुया फळ्यानं माये औषधाचे पैसे वाचले गा. पानी काढलं, किडा कमी झाला. आता उन्हाळी धानाचं बियानं तुयाच इथून नेतो. पन सांग, कोनतं नेऊ?"

'कोणते नेऊ?' ही दोन शब्दांची पुंजी कुठल्या पेढीत मिळत नाही. जो माणूस काल दुकानदाराला लुटारू समजत होता, तो आज त्यालाच सल्ला विचारीत होता. किर्लोस्करवाडीच्या माणसांनाही पहिला नांगर विकल्याचा जेवढा आनंद झाला असेल, त्याहून अधिक आनंद कुणा शेतकऱ्याचे 'यंदा काय करू?' असे विचारणारे पत्र आल्यावर झाला असेल, असे मला आपले वाटते.

पोराचे दुकान म्हणजे काही किर्लोस्करवाडी नव्हे. दागिने सुटायलाही तीन वर्षे लागली. पण फळा अजून आहे. धानाला करपा आला की बदलतो, रोवणीच्या वेळी बदलतो, पाऊस लांबला की बदलतो. गेल्या खेपेला त्यावर 'खोल नांगरटीची घाई करू नका. बांधीचा तळ फुटला तर पाणी टिकणार नाही' असे लिहिले होते. ते वाचून मला हसू आले. नांगराच्या खबरीपासून निघालेली गोष्ट आमच्या धानाच्या देशात येऊन 'येथे नांगर जपून' असे सांगू लागली होती. पण लक्ष्मणरावांना ते आवडले असते, याविषयी मला शंका नाही. जमीन पाहून अवजार, हे त्यांचेच शास्त्र.

यंदाही मंडई भरेल. चिवड्याच्या गाड्यावर कुणाच्या ना कुणाच्या सुवर्णसंधीच्या पुड्या बांधल्या जातील. आमचा विद्यार्थी मात्र पत्रक छापणार नाही. तो फळा उचलून मंडईत नेणार आहे, आणि आदल्या संध्याकाळी तो मला दाखवायला आणील. शुद्धलेखन अजून मीच तपासतो.